पागेतला चुना

मी किल्ल्यात वाढले. कॉलेजात हे वाक्य पहिल्यांदा बोलले तेव्हा बाकावरच्या मुली वळून बघायला लागल्या. एकीने विचारलं, "सच में? किले में?" मी म्हटलं, "हाँ, नीचे. जहाँ घोड़े बाँधते थे." त्या दिवसापासून माझं नाव महारानी पडलं. वर्गात शिरले की मागून आवाज यायचा, "रास्ता दो भई, महारानी जी पधार रही हैं." मला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटायचं. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि जो पहिला असतो त्याला रुसून परत जाता येत नाही. परत जायला मागे काही नसतंच.

जबलपूरच्या कडेला काळ्या, गोल, एकावर एक ठेवल्यासारख्या दगडांच्या टेकड्या आहेत. त्यातल्या एका टेकडीवर गोंड राजांचा छोटासा किल्ला आहे. वर एका मोठ्या खडकावर महाल, खाली अंगण, आणि अंगणापलीकडे कमानीकमानींची एक ओळ. ती पागा. राजाचे घोडे तिथे असत. मग राज्य गेलं. मराठे आले, त्यांनी म्हणे वर चौकी ठेवली. इंग्रज आले, त्यांचे साहेब मडमांना घेऊन सहलीला यायचे. मग दुसऱ्या महायुद्धाची मोठी लढाई लागली आणि सैनिक दुर्बिणी घेऊन महालात जाऊन बसले. त्याच लढाईत शहरातल्या तोफांच्या कारखान्यात रात्रंदिवस काम सुरू झालं, मुलखामुलखाची माणसं भरती झाली, आणि त्यांना ठेवायला क्वार्टर पुरेनात. तेव्हा पागेच्या कमानींना पुढून विटांची भिंत घालून, दारं बसवून, तिथे कामगार ठेवले.

हे सगळं मला इतिहासाच्या पुस्तकात सापडलं, शेवटचं सोडून. शेवटचं मी माझ्या मनाने लिहून राहिले आहे. राजा, मराठे, इंग्रज यांच्यासाठी पुस्तकात जागा झाली. आमच्यासाठी पागेत झाली, तीही थोडे दिवस.

बाबा भंडाऱ्याकडचे. चौथी शिकलेले. लेथवर काम करायचे. त्यांना पागेत ठेवताना कारखान्याच्या गोऱ्या साहेबाने एक गोष्ट सांगितली होती, आणि ती बाबा जन्मभर मंत्रासारखी सांगत राहिले. साहेब म्हणाला होता, जागा नीट राखाल तर क्वार्टर मिळेपर्यंत ती तुमची. बस, एवढंच. कागद नाही, सही नाही. देश मोकळा झाला, साहेब बोटीत बसून गेला. बाबांच्या लेखी मात्र तो शब्द राजाच्या सनदेसारखा होता. नीट राखायची, म्हणजे जागा आपली.

आणि त्यांनी राखली. बाजूच्या कमानींतली बिऱ्हाडं आली, गेली, कोणी खाली शहरात घमापुरात खोली केली, कोणी गावी परतलं. बाबा राहिले. पावसाळ्यात कमानीतून पाणी ठिबकायचं, ते वर चढून फटी बुजवायचे. जमिनीत घोड्यांचं मूत वाहून जायला दगडी नाली होती; ती त्यांनी सिमेंटने भरून काढली, कारण आईला सारवायला सपाट जमीन पाहिजे होती. भिंतीत घोडे बांधायच्या दगडी कड्या होत्या. एका कडीला आमचा पाळणा बांधलेला असायचा. आम्ही चारही भावंडं त्याच कडीला झुललो. दर दसऱ्याच्या आधी बाबा चुना भिजवायचे, कुंचा करायचे आणि आतून-बाहेरून सगळी पागा पांढरीशुभ्र करायचे. आमचीच नाही, बाजूच्या ओस कमानीसुद्धा. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांच्या जागी पाटावर त्यांची हातोडी, पकड आणि कानस असायची, हळदीकुंकू लावून. मागे पांढरी भिंत. आई म्हणायची, "घोड्यांच्या जागेत देव येऊन राहिले, पाहा."

शहरात जुनी मराठी घराणी होती. भोसल्यांच्या नोकरीत आलेली, दगडी घरांची, नथ घालणारी. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आई मला घेऊन जायची. एकदा त्या घरच्या बाईंनी वाण देताना विचारलं, "तुम्ही त्या पागेत राहता ना?" आईने हो म्हटलं. बाई शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सासरच्या पूर्वजांचे घोडे असायचे तिथे." शेजारीण हसली. आईपण हसली. टेकडी चढताना मात्र ती म्हणाली, "यांचे घोडे मेले, पण यांची ऐट नाही गेली." पुढच्या संक्रांतीला ती गेली नाही. वाण टेकडीवर सीताफळं आणि सरपण विकायला येणाऱ्या गोंड बाईला दिलं. त्या बाईच्या जातीचा राजा होता. ती पागेच्या उंबऱ्याबाहेर बसून चहा प्यायची आणि आत यायला संकोचायची. या किल्ल्यावर कोणाचा हक्क आहे हे ठरवायचं असेल तर मी तिच्यापासून सुरुवात करेन. पण मला कोणी विचारलं नाही, आणि तिला तर नाहीच.

पासष्टची लढाई लागली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कारखान्याचं गाव म्हणजे बॉम्बचं गाव, असं सगळे बोलायचे. महालात पुन्हा माणसं बसली, या वेळी आपली, आणि वर एक भोंगा आणून ठेवला. संध्याकाळी दिवे बंद. एकदा दिवस मावळायला सदर बाजारातला एक कपड्याचा दुकानदार दंडाला पट्टी बांधून वर आला. त्याला दिवेबंदीचा वॉर्डन केलं होतं. तो धापा टाकत अंगणात उभा राहिला आणि पागेकडे बोट करून म्हणाला, "दादा, ये क्या कर रखा है?"

बाबांना वाटलं कौतुक करतो आहे. ते म्हणाले, "हर साल करता हूँ."

"अरे, चाँदनी में दो मील से चमकती है. दुश्मन का जहाज़ इसी को देखके सीधा कारखाने पहुँचेगा. काली करो इसको."

वॉर्डन उतरून गेला तसे बाबांनी चुलीतला कोळसा कुटायला घेतला. शेण आणि काजळी कालवून त्यांनी आणि आईने दोन दिवसांत सगळी भिंत काळी केली. मी मदत केली. हात कितीही घासले तरी नखं काळीच, आणि मी तशीच वर्गात गेले. "महारानी जी ने मेहँदी लगाई है," एकजण म्हणाला.

बाबा जेवताना म्हणाले, "सरकारचं काम आहे. कारखाना माझाच आहे, माझ्या भिंतीनं तो जळला तर?" त्या माणसाला खरोखर असं वाटायचं. कारखाना माझा, किल्ला माझा, लढाईसुद्धा माझी. एवढं सगळं आपलं मानणाऱ्या माणसाला कोणीही फसवू शकतं, हे मला तेव्हा कळलं नाही. लढाई थांबली. दसरा आला. काळ्यावर चुना धड बसेना, तरी बाबांनी चुन्याचे एकावर एक हात देत भिंत पुन्हा पांढरी केली.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमचे इतिहासाचे प्राध्यापक वर्गाला घेऊन किल्ला दाखवायला निघाले. भला माणूस. मला फी माफ व्हावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला होता, तेव्हा त्यांच्याबद्दल वाईट लिहिताना मला ते आधी लिहायला पाहिजे. मी त्यांना सांगितलं होतं की मी तिथेच राहते. ते विसरले असतील. बड्या माणसांना छोट्या गोष्टी विसरायचा हक्क असतो.

आम्ही चढलो. मी सगळ्यांच्या मागे. अंगणात आईने ज्वारीचे पापड वाळत घातले होते. एवढी मुलं बघून ती आधी घाबरली, मग मला पाहून हसली. प्राध्यापकांनी महाल दाखवला, पाण्याचं कुंड दाखवलं, राणी वरून सैन्य कसं बघायची ते सांगितलं. सुंदर बोलायचे. मग ते पागेसमोर थांबले. त्यांचा चेहरा बदलला.

"और यह देखिए," ते म्हणाले, "हमारी धरोहर की दुर्दशा. सदियों पुराने पत्थर पर चूना. फ़र्श में सीमेंट. तुलसी, चूल्हा, पापड़. जिन्हें इतिहास का ज्ञान नहीं, वे इतिहास में ही डेरा डाल देते हैं."

मुलं वहीत उतरवून घेत होती. माझ्या शेजारचीसुद्धा.

तेवढ्यात आई आतून तांब्या-पेला आणि गूळ घेऊन आली. पोरीचे गुरुजी दारात आले होते, ती कशी गप्प बसेल? डोक्यावर पदर घेऊन तिने पेला पुढे केला. प्राध्यापकांनी तो घेतला, पाणी प्यायले, "धन्यवाद, माताजी" म्हणाले, आणि पेला परत देऊन पुढचं वाक्य बोलले. ते अतिक्रमणाबद्दल होतं.

मी म्हटलं, "सर, ये मेरी माँ हैं. यह मेरा घर है."

वहीत लिहिणारे थांबले. मागच्या बाकावरचे महारानीवालेसुद्धा. प्राध्यापक खरंच ओशाळले. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बेटी, मेरा आशय व्यक्तिगत नहीं था. तुम तो पढ़ी-लिखी हो. तुम समझोगी. घर में तुम ही समझा सकती हो."

यावर मी आयुष्यभर विचार केला. आई-बाबांनी मला शिकवलं ते कोणी तरी आमच्या बाजूने बोलणारं असावं म्हणून. आणि शिकल्यावर पहिलं काम मिळालं ते आई-बाबांना घर सोडायला समजावण्याचं.

मुलं उतरून गेल्यावर आईने विचारलं, "काय म्हणून राहिले होते तुझे गुरुजी? मले अर्धंच समजलं."

मी खरं ते सांगितलं. "म्हणत होते, आपण ही जागा खराब केली."

आई पापड उलटत होती. हातातला पापड ठेवून म्हणाली, "मग पाणी काहून प्यायले?"

वर्षभरात सरकारच्या पुरातत्त्व खात्याची माणसं आली. मोजमाप झालं. किल्ला आता राष्ट्राचा वारसा, आत कोणी राहायचं नाही. बाबांनी साहेबाचा शब्द सांगितला. ऐकणारा माणूस तरुण होता, तो हसला नाही, एवढंच. म्हणाला, "जिसने बिठाया उसी से घर माँगिए. कारखाने से." बाबा कारखान्याच्या क्वार्टरच्या ऑफिसात गेले. तिथे कळलं की त्यांचं नाव इतकी वर्षं यादीत वर का सरकलं नाही. कारण त्यांना राहायला जागा होती. ज्याला जागा आहे त्याला क्वार्टर नाही. आता जागा गेली, तर आजपासून अर्ज करा, शेवटून नंबर लागेल.

बाबा मला म्हणाले, "तू जा. तू इंग्रजीत बोल."

मी गेले. मुद्दाम शाळेतल्या बाईंसारखं पातळ नेसून, केस घट्ट बांधून गेले. इंग्रजीत बोलले, व्याकरण चुकू न देता. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बी.ए. कुठल्या विषयात? मी म्हटलं, इतिहास. ते म्हणाले, मग तर तुम्हाला स्मारकांचं महत्त्व ठाऊकच असेल. चहा मागवला. मी तो प्यायले नाही. आईचा प्रश्न आठवत होता.

बाहेर बाबा सायकल धरून उभे होते. "काय म्हणाले?"

"चहा घ्या म्हणाले."

बाबांनी सायकल वळवली. मागच्या कॅरिअरवर बसून मी त्यांची पाठ बघत होते. त्या पाठीच्या बळावर मी बी.ए.पर्यंत पोचेन असं त्यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोचले. पुढे काय होईल असं त्यांना वाटलं होतं कोण जाणे. माणूस शिकला की त्याचं ऐकतात, असंच काहीतरी.

सोडायची वेळ नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. आई भांडी बांधत होती. बाबा घमापुरात एक खोली बघून आले होते, नाल्याच्या बाजूची, एका खिडकीची. आल्यावर ते बसले नाहीत. कोपऱ्यातली चुन्याची बादली काढली, पाणी ओतलं आणि ढवळायला लागले.

आई म्हणाली, "हे काय करून राहिले तुम्ही? परवा जायचं आहे."

"मग?"

"मग चुना कोणासाठी?"

बाबा म्हणाले, "दसऱ्याले मळकी भिंत ठेवून कोणी घर सोडते काय?"

दोन दिवस त्यांनी पागा रंगवली. खात्याची माणसं कुलूप घेऊन आली तेव्हा भिंती अजून ओल्या होत्या. त्यांच्यातला मुकादम हात लावून बघून म्हणाला, "ये आदमी पागल है क्या? यही तो छुड़ाना है." दुसरा म्हणाला, "ज़िद में किया होगा." जिद्दीने केलं नव्हतं. बाबांना जिद्द करता आली असती तर आमचं आयुष्य वेगळं झालं असतं. त्यांनी फक्त त्यांच्या बाजूचा शब्द पाळला होता. जागा नीट राखून दिली.

एकाहत्तरची लढाई आली तेव्हा आम्ही घमापुरात होतो. किल्ल्यातून माणसांना वारसा म्हणून काढलं होतं, पण लढाई लागताच वारसा बाजूला ठेवून भोंगा परत वर चढवला. आमच्या गल्लीतले भोंगे वेगळे, जवळचे. पण वारा तिकडून असला की टेकडीवरचा भोंगा ओळखू यायचा. बाबा खिडकीला घोंगडी टांगता टांगता थांबायचे आणि म्हणायचे, "आपल्या घरून वाजून राहिला." आई उत्तर द्यायची नाही. बाबांना क्वार्टर मिळालं ते निवृत्तीच्या अगदी शेवटी. सामान लावून होतंय तोवर ते रिकामं करायची वेळ आली. परत घमापूर. त्याच खोलीत ते वारले. शेवटपर्यंत त्यांना कारखान्याबद्दल कोणी वाईट बोललेलं चालायचं नाही. मला चालतं. म्हणून लिहिते आहे.

मी शाळेत इतिहास शिकवला. चांगला शिकवला, असं माझे विद्यार्थी म्हणतात. किल्ल्याच्या धड्याला मात्र मी दरवर्षी कोणाला तरी उठवून वाचायला लावायची आणि स्वतः खिडकीपाशी उभी राहायची.

आई थकली तेव्हा एक दिवस म्हणाली, "मले एकदा वर ने." तिचे गुडघे गेलेले. धाकट्या भावाने आणि मी दोन्हीकडून धरून, बसवत, उठवत तिला वर नेलं. पागेपुढची विटांची भिंत काढून टाकली होती. कमानी पुन्हा उघड्या, त्यांना लोखंडी जाळी. दगड घासून काळा-करडा, मूळचा केला होता. जमिनीतलं सिमेंट फोडून नाली मोकळी केली होती. बाहेर पाटी: अश्वशाला. आई जाळीला धरून आत बघत राहिली. बराच वेळ. कडी दिसत होती. कोणती कमान आपली ते तिने मला विचारलं नाही.

खाकी कपड्यातला चौकीदार आला. चांगला पोरगा होता. म्हणाला, "अम्मा, जाली मत पकड़िए. यहाँ रानी के घोड़े बँधते थे."

"अच्छा," आई म्हणाली. "और बाद में?"

"बाद में क्या, अम्मा? बाद में कुछ नहीं. खाली पड़ा रहा."

मी बोलायला तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत किती तरी वाक्यं तयार करून ठेवली होती, हिंदीत, इंग्रजीत. आईने माझा हात दाबला. ती वर बघत होती. कमानीच्या बाहेरच्या कडेला, अगदी वरच्या वळणात, घासणाऱ्याचा हात जिथे पोचला नसेल तिथे, हातभर जागा राहून गेली होती. पांढरा चुना, त्याच्या पोपड्याखाली काजळीचा काळा, त्याच्याखाली परत पांढरा.

"भैया," आई म्हणाली, "निकालना था तो पूरा निकालते. हमारे यहाँ दशहरे को ऐसा आधा काम कोई नहीं छोड़ता था."

चौकीदार वर बघायला लागला. त्याला काय बघायचं ते कळलं नाही. आईने पदर खोचला, माझा खांदा धरला आणि उतरायला पहिली पायरी शोधू लागली.